जर्मनीत शिकताना मैत्री, सण आणि भटकंती: गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. सध्या जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्स करतोय. यवतमाळ, वाशीम, वर्धा, बुलडाणा या भागांतल्या पोरापोरींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मेसेज सतत येत असतात. प्रवेश, ब्लॉक खातं (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा यांची माहिती कुठंही मिळते. अभ्यास सोडून उरलेल्या वेळाचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि पोरं अडकतात ती तिथंच. म्हणून इथं फक्त तेवढेच प्रश्न घेतले आहेत. जिथं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दादा, तिकडे दिवसभर सोबत कोणी असते का, की एकटंच राहावं लागते?

पहिले दोन-तीन आठवडे माणसंच माणसं असतात. विद्यापीठाचा स्वागत आठवडा असतो, परदेशी विद्यार्थ्यांसाठी ईएसएन नावाची विद्यार्थी संघटना सहली आणि खेळांच्या संध्याकाळी ठेवते, वसतिगृहात नवीन पोरं येत असतात. त्यानंतर सगळे आपापल्या वेळापत्रकाला लागतात आणि एकदम शांत होतं. गावात घराबाहेर पाय टाकला की पाराजवळ कोणी ना कोणी भेटतंच, आपण काही ठरवावं लागत नाही. इथं ठरवल्याशिवाय कोणी भेटत नाही.

त्यामुळे माझा सगळ्यांना एकच आग्रह असतो: पहिल्या महिन्यातच आठवड्यातला एक वार कशाला तरी बांधून टाका. मंगळवारी व्हॉलीबॉल, गुरुवारी भाषेचा कट्टा, काहीही चालेल. दहा पार्ट्यांत शंभर ओळखी होतात आणि एकही टिकत नाही. दर मंगळवारी तेच आठ चेहरे दिसले, तर सहा महिन्यांत त्यातले दोन तरी जवळचे होतातच.

२. आमची इंग्रजीच फाटकी, जर्मन तर येतच नाही. मग मित्र कसे होतील?

खेळातून. जवळपास प्रत्येक विद्यापीठात खेळांचा विभाग असतो. सेमिस्टरभराची फी भरली की बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत हवं ते शिकता येतं, आणि ही फी बाहेरच्या क्लबपेक्षा पुष्कळ कमी असते. मैदानावर व्याकरण लागत नाही. ज्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हॉलीबॉल खेळला आहे, त्याला इथं कोणीही संघात घेतं. लोकप्रिय खेळांच्या जागा मात्र नोंदणी उघडली की भराभर भरतात, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा.

दुसरा मार्ग टँडमचा. तुम्ही एखाद्याला हिंदी किंवा मराठी शिकवायची, त्याने तुम्हाला जर्मन. भारतात फिरायला जाऊ पाहणारे, नाहीतर भारतीय मुलीशी लग्न ठरलेले जर्मन सापडतात. ते मनापासून शिकतात आणि तुमच्या चुकांना हसत नाहीत.

३. जर्मन पोरं भेटायचं दोन-दोन आठवडे आधी ठरवतात म्हणे. हे काय बुवा?

खरं आहे. 'ये कधी घरी' असं इथं कोणी नुसतं म्हणायला म्हणत नाही. म्हणालंच, तर लगेच कॅलेंडर उघडून तारीख विचारतं. सुरुवातीला हा कोरडेपणा वाटतो. पण सतरा तारखेला संध्याकाळी सात म्हटलं की तो माणूस सातला हजर असतो, आणि ती संध्याकाळ त्याने फक्त तुमच्यासाठी ठेवलेली असते. आपल्याकडे 'येतो येतो' म्हणत तीन दिवाळ्या जातात, ते इथं होत नाही.

न सांगता कोणाच्या दाराशी जाऊन बेल वाजवू नका. उशीर होणार असेल तर पाच मिनिटांचा असला तरी मेसेज टाका.

४. कोणी घरी जेवायला किंवा वाढदिवसाला बोलावलं तर रिकाम्या हातानं जायचं का?

नाही. फुलं, चॉकलेट, ज्यूसची बाटली, काहीतरी छोटं न्या. बरेचदा प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो, आधी विचारून घ्या. जोडे दारात काढायचे, हे आपल्यासारखंच.

वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका, इथं ते अपशकुनी मानतात. आणि केक वाढदिवस असलेल्यानेच आणायचा असतो. तुमचा वाढदिवस आला आणि तुम्ही वाट बघत बसलात, तर कोणी काही आणणार नाही. हॉटेलात जेवल्यावर वेटर 'एकत्र की वेगवेगळं' असं विचारतो. वेगवेगळं सांगण्यात कमीपणा नाही. सगळ्यांचं बिल भरायचा दिलदारपणा दोनदा केलात की महिन्याचं गणित बिघडलं.

५. (एका काकांचा प्रश्न) तिकडे गेल्यावर पोट्टे दारूले लागतात का?

काका, ज्याला लागायचं तो पुसदलाही लागतो. इथं बिअर सोळाव्या वर्षापासून आणि कडक दारू अठराव्या वर्षापासून कायद्याने चालते, त्यामुळे ती समोर दिसणार हे खरं. पण 'मी पीत नाही' म्हटल्यावर जर्मन माणूस 'बरं' म्हणतो आणि विषय संपतो. 'एक घोट तर घे' हा आग्रह आपल्याच पोरांकडून जास्त होतो. सफरचंदाच्या रसात सोड्याचं पाणी घातलेलं 'आप्फेलशोर्ले' मागवा. ग्लास बिअरसारखाच दिसतो आणि कोणी काही विचारत नाही.

६. वसतिगृहात आपला स्वयंपाक करू देतात का? वासाची तक्रार होते म्हणे.

करू देतात. सामाईक स्वयंपाकघर असतं, प्रत्येकाचं एक कपाट आणि फ्रिजमध्ये एक कप्पा. भांडं लगेच धुवायचं, ओटा पुसायचा, खिडकी उघडायची. एवढं पाळलं तर फोडणीवरून भांडण होत नाही. धोका आहे धुराच्या अलार्मचा. कोरड्या तव्यावर ठेच्यासाठी मिरच्या भाजणं खोलीत करूच नका. अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल, तर गाडी येते आणि खर्चाचं पत्र मागाहून येतं.

उलट माझं म्हणणं असं, की स्वयंपाक हीच आपली सगळ्यात मोठी ओळख. आमच्या मजल्यावर एका शनिवारी पातोडी रस्सा केला होता. बेसन शिजवून ताटात थापलं, वड्या कापल्या, तोवर लोक फक्त बघत होते. काळ्या मसाल्याचं वाटण तेलात पडलं तेव्हा दोन खोल्यांचे दरवाजे उघडले. एका जर्मन मुलाने तर्रीचा पहिला घोट घेतला, कान लाल झाले, फ्रिजमधून दुधाची पिशवी काढून तोंडाला लावली आणि पुन्हा ताटली पुढे केली. त्याआधी वर्षभर तो जिन्यात फक्त 'हॅलो' म्हणायचा. आता महिन्यातून एकदा तोच विचारतो की पातोडी कधी. मसाला आणताना काय काळजी घ्यायची ते प्रश्न २० मध्ये आहे.

७. आपल्या भारतीय पोरांतच राहिलो तर बिघडलं काय?

बिघडत काही नाही, पण अर्धंच मिळतं. ताप आला तर खिचडी घेऊन येणारा आपलाच असतो. खोली बदलताना सामान उचलायलाही तोच. हे सोडू नका. फक्त चोवीस तास तेच सहा जण, तेच क्रिकेट आणि तीच 'जर्मनीत नोकऱ्याच नाहीत'ची चर्चा असं झालं, की भाषा येत नाही. भाषा आली नाही की नोकरी खरंच मिळत नाही. आठवड्यातली एक-दोन संध्याकाळी बाहेरच्यांसोबत, हे प्रमाण मला बरं वाटतं.

८. पुण्यामुंबईचे मराठी पोट्टे आपल्या बोलण्याले हसतात का? आणि तिकडेही जात विचारतात का?

हसतात कधीकधी, पहिल्या भेटीत. 'काहून', 'मले', 'तुले' ऐकलं की कोणीतरी नक्कल करतो. आपण तसंच बोलत राहायचं. पुढच्या महिन्यात तोच 'काहून बे' म्हणायला लागतो.

जातीचं उत्तर तितकं हलकं नाही. थेट विचारणारे कमी, पण आडनाव विचारून, गाव विचारून अंदाज घेणारे परदेशातही भेटतात. उत्तर देणं बंधनकारक नाही. भेदभाव झाला तर विद्यापीठात तक्रार ऐकणारा विभाग असतो, लेखी कळवा. सोबत दुसरी बाजूही सांगतो. इथल्या अनेक शहरांत विद्यार्थी १४ एप्रिलला जयंती करतात. बाबासाहेब लंडनला शिकत असताना त्यांनी १९२२ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या घरांतली पोरं बॉनला आवर्जून जातात, तुम्हीही जा.

९. गणपती, दिवाळी, पोळा यांचं काय करता?

मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत आणि त्यांचे गणपती, दिवाळी फराळ नीट होतात. छोट्या गावात विद्यार्थी मिळून करतात. ढोल वाजवायचा असेल तर जागेची परवानगी आणि वेळ आधी ठरवा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचे तास असतात आणि रविवारी दिवसभर आवाज चालत नाही. नदीत विसर्जन मनाने करू नका, बादलीत करा.

दिवाळीत फटाके नाहीत. जर्मनीत फटाक्यांची विक्री वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत होते आणि ते फोडायचे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच. फुलझड्या तेवढ्या वर्षभर चालतात.

पोळ्याला मातीचे बैल करतो, पुरणपोळी करतो आणि घरी व्हिडिओ कॉल लावून खऱ्या बैलांना बघतो.

१०. हिवाळ्यात पोरं उदास होतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. थंडीचं फार नाही, जाड जाकीट घेतलं की भागतं. त्रास होतो अंधाराचा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवसा असतो तोही ढगाआड. आपण मार्चपासून डोक्यावर दुपट्टा बांधून फिरणारी माणसं. ऊन ही गोष्ट कमी पडू शकते, हे शरीराला माहीतच नसतं.

क्रम साधारण असा असतो. आधी सकाळचं लेक्चर बुडतं. मग जेवणाच्या वेळा जातात. मग घरचा फोन 'नंतर करतो' म्हणून टाळला जातो. यातल्या दोन गोष्टी तुमच्या मित्राच्या बाबतीत दिसल्या, तर त्याला मेसेज करू नका, दार ठोठवा. प्रश्न ३ मधला नियम इथं लागू नाही.

सगळ्यात कठीण दिवस २४ ते २६ डिसेंबरचे. २४ च्या दुपारपासून दुकानं बंद, वसतिगृह रिकामं, प्रत्येक जर्मन मित्र आपल्या आईकडे गेलेला. किराणा २३ तारखेपर्यंत भरून ठेवा आणि उरलेल्यांनी मिळून स्वयंपाक ठरवा. त्याआधी महिनाभर नाताळचे बाजार असतात, तिथं मात्र रोज जा. गरम वाईन नको असेल तर मुलांसाठीचं बिनदारूचं गरम पेय मिळतं. मगाची अनामत आधी घेतात, मग परत केला की ती परत मिळते.

विद्यार्थी सेवा संस्थेचे म्हणजे 'श्टुडिरेंडनवेर्क'चे समुपदेशक बहुतेक ठिकाणी मोफत भेटतात. तिथं गेल्याची नोंद व्हिसा कार्यालयाकडे किंवा विभागाकडे जात नाही, ही भीती काढून टाका. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर ११६ १२३ हा टेलिफोन मदतीचा मोफत क्रमांक आहे, तिथं मुख्यतः जर्मन बोलतात. जीवाला धोका वाटला तर थेट ११२.

११. (एका मावशींचा प्रश्न) पोट्टा फोनच उचलत नाही. काही झालं तर नसन ना?

मावशी, बहुतेक वेळा तो वर्गात असतो. हिवाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागं असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे बदलतं. तुम्ही वावरातून येऊन सातला फोन लावता, तेव्हा हिवाळ्यात इथं दुपारचे अडीच वाजलेले असतात. रविवार ठरवून घ्या. रविवारी इथं दुकानं बंद असतात, पोरं खोलीवरच सापडतात. गावात नेटवर्क तुटत असेल तर आवाजी मेसेज टाका, तो सवडीने ऐकेल.

पण आठवडा-आठवडा टाळत असेल, तर प्रश्न १० चं उत्तर वाचा आणि त्याच्या एखाद्या मित्राचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा.

१२. शेत गहाण ठेवून आलो. मंग फिरायले जायचं कोणत्या तोंडानं?

हा प्रश्न दर सेमिस्टरला येतो, आणि विचारणारा पोरगा बहुतेक वेळा सगळ्यात प्रामाणिक असतो. त्याच्या डोळ्यांसमोर कापसाचा भाव आणि बँकेचा हप्ता असतो. प्राग फिरून आलेल्या मित्राचा फोटो बघून त्याला एकाच वेळी जावंसंही वाटतं आणि लाजही वाटते.

माझं मत स्पष्ट आहे. कर्जाच्या पैशातून विमानाने पॅरिसला जाऊन आयफेल टॉवरसमोर फोटो काढणं, हे थांबू शकतं. पण सहा महिने खोली-वर्ग-गोदाम यापलीकडे न जाणं, ही बचत नव्हे. अशी पोरं थकतात, परीक्षा राहते, एक सेमिस्टर वाढतं. ब्लॉक खात्याचा हिशेब महिन्याला ९९२ युरोचा आहे, म्हणजे एक सेमिस्टर वाढलं की सहा महिन्यांचे जवळपास सहा हजार युरो. कोणतीही सहल एवढी महाग नसते.

कायद्याने विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हा आकडा मार्च २०२४ मध्ये वाढला. लेक्चर नसलेले महिने, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर, कामाला चांगले. त्या कमाईतून हप्त्याचा भाग आधी बाजूला काढा, आणि एक छोटी रक्कम फिरण्यासाठी वेगळी ठेवा, तेही घरी सांगून. लपवून फिरलं की फोटो कोणीतरी टाकतोच आणि मग भांडण पैशावरून न होता खोटेपणावरून होतं. माझ्या ओळखीच्या एकाने वडिलांना दर सहलीआधी खर्चाचा कागद पाठवायची पद्धत ठेवली आहे. आता वडीलच विचारतात, 'या महिन्यात कुठं नाही का जात?'

१३. सगळ्यात स्वस्त फिरायचं कसं?

डॉइचलांड-टिकीट. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. या तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो सगळं चालतं. ज्या विद्यापीठांनी करार केला आहे, तिथं विद्यार्थ्यांना ते ६० टक्के किमतीत मिळतं आणि पैसे सेमिस्टर फीमध्येच जातात. म्हणजे तिकीट तुमच्या खिशात आधीच असू शकतं. कितीतरी पोरं वर्षभर ते फक्त वसतिगृह ते कॉलेज एवढंच वापरतात, हे बघून जीव तुटतो.

आयसीई, आयसी या जलद गाड्यांना हे चालत नाही. डब्यात बसण्याआधी फलकावर आरई, आरबी किंवा एस हे अक्षर पाहा. बिनतिकीट सापडलात तर ६० युरो दंड आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे कोणी ऐकत नाही.

माग्डेबुर्गहून बर्लिन प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आत येतं. हार्झचे डोंगर त्याहून जवळ. आमच्या गावातून वाहणारी एल्बे नदी चेकियात उगम पावते आणि ड्रेस्डेन, माग्डेबुर्ग करत हाम्बुर्गकडे जाते. तिच्या काठाने सायकलची वाट आहे आणि त्या वाटेने सायकल चालवायला तिकीट लागत नाही. हेच तिकीट सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं.

लांब जायचं असेल तर बस, नाहीतर जलद गाडीचं सवलतीचं तिकीट काही आठवडे आधी काढा. ते तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाभराच्या उशिराला २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के पैसे परत मागता येतात. मागा. लाजू नका.

१४. जर्मनीच्या कार्डावर बाकीच्या युरोपात फिरता येतं का?

येतं. हे कार्ड म्हणजे विद्यार्थी निवास परवाना. तो असेल तर इतर शेंगेन देशांत (ज्यांच्यात फिरायला प्रत्येकाचा वेगळा व्हिसा लागत नाही) दर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. जर्मनीतले दिवस यात मोजत नाहीत. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, आणि रुमानिया, बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले, त्यामुळे जुनी यादी वाचू नका. स्वित्झर्लंड युरोपियन संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि सायप्रस संघात असले तरी शेंगेनबाहेर.

कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवा. एकट्या कार्डावर भागत नाही, मोबाइलमधला फोटो तर नाहीच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी करते आहे. रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढतात आणि सगळ्यांना उठवून कागद बघतात. कमी पैशांच्या विमान कंपन्यांत युरोपबाहेरच्या प्रवाशांना कागद आधी काउंटरवर दाखवावे लागू शकतात, तिथं वेळ धरून जा.

१५. मग लंडनचं बाबासाहेबांचं घर या कार्डावर बघता येईल?

नाही. ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो आणि त्याची फी वेगळी. १०, किंग हेन्रीज रोड हे ते घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घेतलं आणि २०१५ मध्ये स्मारक म्हणून उघडलं. जायचं असेल तर दोन-चार जण मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवा आणि व्हिसाचा अर्ज बराच आधी टाका. विमान आधी आणि व्हिसा नंतर, असं करू नका.

१६. कार्ड अजून आलं नाही, व्हिसा संपतोय. तरी फिरता येईल का?

इथं सांभाळून. व्हिसा संपायच्या आत परवान्याचा अर्ज दिला असेल, तर कार्यालय एक तात्पुरता कागद देतं, त्याला 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' म्हणतात. त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे, ते बघा. कलम ८१ परिच्छेद ४ असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. दुसऱ्या देशांचे सीमा पोलीस हा कागद नीट ओळखत नाहीत, असाही अनुभव अनेकांना येतो. म्हणून कार्ड येईपर्यंत जर्मनीच फिरा, ती काही छोटी नाही. घरी अचानक जाणं भागच असेल, तर आधी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

१७. बहिणीचं लग्न आहे, गावी किती दिवस राहता येईल?

सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं, तर साधारणपणे परवाना रद्द होतो. लग्नाला एवढं कोणी राहत नाही. पण परीक्षा झाली, मग तुरीचा हंगाम आहे, मग आजीची तब्येत, असं करत मुक्काम लांबतो. लग्नाची तारीख काढताना घरच्यांना लेक्चर नसलेले महिने सांगून ठेवा. फेब्रुवारी-मार्चची तिथी सगळ्यांनाच सोयीची पडते.

१८. (एका बाबांचा प्रश्न) पोरगी एकटीच दुसऱ्या देशात फिरायला जातो म्हणते. जाऊ द्यावं का?

जाऊ द्या. माझ्या ओळखीतल्या मुली मुलांपेक्षा जास्त नियोजन करून फिरतात. होस्टेलांत फक्त मुलींच्या खोल्या मिळतात. तिला तीन गोष्टी सांगा: मुक्कामाचा पत्ता आणि गाडीचं तिकीट घरी पाठव, अनोळखी शहरात मध्यरात्री उतरणारी गाडी घेऊ नको, आणि ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपियन संघात चालतो हे लक्षात ठेव. दर तासाला फोन करू नका. बॅटरी संपते आणि मग दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

एक जोडप्रश्नही नेहमी येतो: फोटोत पोराच्या खांद्यावर कोण्या गोऱ्या पोरीचा हात दिसला, लग्न तर नाही ना केलं? इथं भेटताना-निघताना मिठी मारतात. एवढ्यावरून पत्रिका छापू नका.

१९. फिरताना आजारी पडलो किंवा पासपोर्ट हरवला तर?

सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन विमा कार्ड असतं. संघातल्या बहुतेक देशांत तातडीच्या उपचाराला ते उपयोगी पडतं. स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी जाण्याआधी विमा कंपनीला विचारा. भारतात ते चालत नाही, गावी येताना प्रवास विमा वेगळा काढा.

पासपोर्ट हरवला तर आधी त्या देशाच्या पोलिसांत तक्रार, मग जवळचा भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. पासपोर्ट, कार्ड आणि व्हिसाच्या प्रती ईमेलमध्ये ठेवलेल्या असतील तर काम हलतं.

२०. सुट्टीहून परत जाताना आई बॅगेत काय काय भरते. सगळं चालतं का?

नाही, आणि आईची समजूत घालणं सोपं नसतं. युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी गेली. ताजी फळं-भाज्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे संत्री आणि कढीपत्ताही नाही. केळी, नारळ, खजूर, अननस असल्या मोजक्या गोष्टींना सूट आहे. तूरडाळ, तिखट, हळद, पापड, कुरडया, शेवया, तेलातलं लोणचं हे पोरं आणतात. लोणचं घट्ट बांधा, पाच कपडे लाल झालेले पाहिले आहेत.

खरी जोखीम वेगळीच आहे. आपल्या काळ्या मसाल्यात, सावजी मसाल्यात खसखस असते. दुबई-अबुधाबी मार्गे जाणार असाल तर खसखस तिथं बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते, आणि नुसता विमान बदलायला उतरलेला प्रवासीही अडकू शकतो. घरचा मसाला बिनखसखशीचा करून घ्या. खसखस जर्मनीत किराणा दुकानात उघड मिळते, ब्रेडवरही लावतात. इथं आल्यावर भाजून मिसळा.

२१. दादा, येताना आयफोन आण ना. तिकडे स्वस्त मिळते ना?

नाही मिळत. १९ टक्के कर किमतीतच असतो. पुढचा प्रश्न.

२२. आईबाबांना एकदा जर्मनी दाखवायची आहे. होईल का?

होईल. नव्वद दिवसांपर्यंतचा शेंगेन पर्यटक व्हिसा लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास आरोग्य विमा हवा. यजमान म्हणून हमीपत्र द्यायची सोय आहे, पण त्यासाठी स्थिर उत्पन्न दाखवावं लागतं आणि विद्यार्थ्याला ते बहुतेक जमत नाही. त्यामुळे कागद आईबाबांचेच लागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरण नसतं. अशा वेळी सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, कापूस-तुरीच्या विक्रीच्या पावत्या आणि सहा महिन्यांचं बँक खातं, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह लावतात. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, तिचा खुलासा मागतात. परत येणारच हे दाखवणं महत्त्वाचं असतं, आणि त्यासाठी नावावरची जमीन हा चांगला कागद आहे.

महिना मे घ्या. तूर-हरभरा निघालेला असतो, पेरणीला वेळ असतो, आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि इथं झाडांना नुकती पालवी आलेली असते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच कागद जमवायला लागा. परतीचं तिकीट मृगाच्या आधीचं काढा, नाहीतर बाबा इथं बसून तुमच्या फोनवर गावाकडचा पावसाचा अंदाज बघत राहतील.